भरीचं वाक्य

स्टुडिओत तिला सगळे मावशी म्हणत. पाठीमागे मात्र तिचं नाव ‘खोकल्याची आई’ असं होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. सतरा-अठरा वर्षांपूर्वी खोकल्याच्या औषधाच्या एका जाहिरातीत तिने आईचा आवाज दिला होता. ‘सोन्या, आता बरं वाटतंय ना रे?’ एवढं एकच वाक्य. पण ते इतकं चाललं, की त्यानंतर पडद्यावर जी कुणी आई, आत्या, काकू नाहीतर सासू यायची, ती या बाईच्याच गळ्यातून बोलायची. परदेशी चित्रपट आपल्या भाषेत डब करायचे, हे तिचं काम. ओठ त्यांचे, आवाज हिचा.

छप्पन्न वर्षांची झाली होती. घसा अजून शाबूत होता, बाकी सगळं कुरकुरत होतं. दिवसभर कापूस कोंबलेल्या पेटीसारख्या खोलीत माइकपुढे उभं राहायचं, समोर पाच-दहा सेकंदांचा तुकडा बघायचा, हेडफोनमधून मूळ बाईचा आवाज ऐकायचा आणि तिचे ओठ हलतील तसे आपले शब्द बसवायचे. तुकडा बसला की पुढचा. तेही क्रमाने नाही. आधी मयताचा प्रसंग, मग लग्नाचा, मग जेवणाचा. तीस वर्षांत तिने शेकडो चित्रपटांना आवाज दिला, पण एकही सलग पाहिला नव्हता. शिंप्याने जन्मभर बाह्याच शिवाव्यात आणि कोट कुणाच्या अंगावर चढला ते त्याला कधी दिसू नये, तसला प्रकार.

त्या दिवसांत ती जरा जास्तच दमलेली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. एकटं राहायची सवय लागली होती, आणि अशात लेक परत आली होती. तीन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, एक बॅग आणि एक टेबलफॅन घेऊन. बाई नवऱ्याचं घर सोडते तेव्हा दागिने आणते, कागदपत्रं आणते. हिने टेबलफॅन आणला. ‘माझा आहे,’ एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन झोपली. तेव्हापासून ती झोपलेलीच होती म्हटलं तरी चालेल. उठायची, दोन घास खायची, पुन्हा दार लोटून घ्यायची.

मावशीने विचारायचं ते सगळं विचारून झालं होतं. काय झालं? मारलं का? दुसरं कुणी आहे का? तुझं काही चुकलं का? सकाळी कामावर जाताना विचारायची, संध्याकाळी चप्पल काढता काढता विचारायची. लेक म्हणायची, ‘काही नाही गं.’ विचारणारीही थकली होती आणि न सांगणारीही.

अशात स्टुडिओतून निरोप आला. तीन दिवसांचं काम आहे, डॅनिश चित्रपट आहे, आईची भूमिका मोठी आहे.

‘मोठी म्हणजे नुसती लांब हं मावशी,’ पहिल्या दिवशी सकाळी दिग्दर्शक म्हणाला. डबिंगचा दिग्दर्शक तोच आणि आपल्या भाषेत संवाद लिहिणाराही तोच. चाळिशीचा माणूस. घरी आठ महिन्यांची जुळी होती, त्यामुळे त्याचे डोळे कायम कांदा चिरल्यासारखे दिसत. ‘वाहिनीने दहा चित्रपटांचा गठ्ठा घेतला, त्यात हा फुकटात गळ्यात पडलाय. डेन्मार्कमधल्या कुठल्याशा खेड्यातलं कुटुंब आहे. बाप शिडीवरून पडतो, पाय प्लास्टरमध्ये. शहरात नोकरी करणारा मुलगा गवत कापायला आणि गाई सांभाळायला उन्हाळाभर घरी येतो. संपलं.’

‘आणि मग?’

‘मग काही नाही. मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा काहीच झालं नाही.’

काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट गालात हसला. तो मावशीच्याच वयाचा, केस गेलेला, मोजकं बोलणारा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकून त्याला स्वतःच्या बोलण्याचा कंटाळा आला असावा.

मूळ चित्रपटात आईला एकसष्ट वाक्यं होती. दिग्दर्शकाने त्यात त्रेचाळीस आणखी घातली होती. याला ते लोक ‘भर’ म्हणत. पात्राची पाठ कॅमेऱ्याकडे असेल, तोंड दिसत नसेल, तर तिथे वाटेल ते वाक्य घालता येतं. प्रेक्षकाला कंटाळा येऊ नये म्हणून घालतात. मावशीने अशी हजारो वाक्यं म्हटली होती. ‘अगंबाई, उशीर झाला!’, ‘देवा, आता काय करू!’ त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

दुपारपर्यंत काम भराभर उरकलं. मग चौतिसावा तुकडा आला.

स्वयंपाकघर. मुलगा गोठ्यातून आलाय आणि मोरीपाशी हात धुतोय. त्याची पाठ दिसते. नळ चालू. बाजूला आई उभी आहे, पण तिचा चेहरा चौकटीबाहेर. फक्त कोपर आणि हातात धरलेला टॉवेल दिसतो. मुलगा हात धुतो, धुतच राहतो. हात कधीच स्वच्छ झालेत. त्याचे खांदे जरासे हलतात. टॉवेल धरलेला हात तसाच. मग तो नळ बंद करतो आणि मागे न बघता टॉवेल घेतो. बारा सेकंद.

मावशीने समोरचा कागद पाहिला. तिथे लिहिलं होतं: ‘बाळा, मनातलं बोलून टाक. आई आहे ना मी तुझी!’

परवाच तिने हे वाक्य घरी म्हटलं होतं. जवळजवळ असंच, लोटलेल्या दाराबाहेर उभं राहून.

‘हे नको म्हणायला,’ ती माइकमध्ये म्हणाली.

‘का? लांबतंय का? ‘बाळा’ काढू?’

‘तसं नाही. ही बाई बोलत नाहीये तिथे. ती थांबलीय.’

‘मावशी,’ दिग्दर्शक समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘रविवारी दुपारी लागणार आहे हा चित्रपट. बारा सेकंद कुणी बोललं नाही तर लोकांना वाटतं टीव्ही बिघडला. उठून मागे थापट्या मारतात हो.’

तीस वर्षांत तिने कागदावरचं वाक्य म्हणायला कधी नकार दिला नव्हता. आजही दिला नाही. पहिल्याच टेकला ओके झालं. गळा अगदी हवा तेवढाच दाटला. रेकॉर्डिस्टने काचेतून अंगठा दाखवला, पण तो तिच्याकडे नाही, आपल्या बटणांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी श्वासांचं काम होतं. डेन्मार्कहून आवाजाची जी पट्टी आली होती तिच्यात पावलं होती, गाई होत्या, वारा होता, पण माणसांचे श्वास संवादांबरोबर निघून गेले होते. ते सगळे नव्याने भरायचे होते. बादली उचलताना, जिना चढताना, वाकताना, उठताना. हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं. मावशी ते झोपेतही करू शकली असती: दमलेल्या बाईचा उसासा, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर.

पण इथे एकही नंबर बसेना.

‘पुन्हा ऐकवा हो मूळचा,’ ती म्हणाली.

रेकॉर्डिस्टने ऐकवला. चारदा ऐकवला.

‘आपण चुकीचं करतोय,’ शेवटी ती म्हणाली. ‘दमलेली बाई म्हटली की आपण श्वास सोडतो. हाऽऽश. ही बाई सोडतच नाही. ही आत घेते. उठायच्या आधी घेते आणि मग उठते. सोडते कधी ते ऐकूच येत नाही.’

‘आलं माझ्या लक्षात,’ रेकॉर्डिस्ट म्हणाला. ‘काल रात्रीपासून तेच कानात आहे.’

‘काल बोलला नाहीत ते?’

‘मला कुणी विचारतं का?’

मग तिने मनावर घेतलं. ती नटी साठीची असावी, जाडजूड हातांची, कपाळावर आलेली बट मनगटाने मागे सारणारी. मावशी तिच्याबरोबर वाकली, तिच्याबरोबर उठली. खोलीत ना बादली होती ना जिना. तिने पाण्याची बाटली उचलली, जागच्या जागी गुडघे वर घेतले. गुडघे बोंबलले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचा घाम निघाला होता, आणि तेव्हा कुठे श्वास बसायला लागले होते.

दिग्दर्शक जेवायला बाहेर गेला. रेकॉर्डिस्टने डबा उघडला.

‘अहो,’ मावशी म्हणाली, ‘मला हा सलग दाखवता का? मूळचा. पहिल्यापासून.’

त्याने घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. ‘खाली अक्षरं नाहीत. नुसतं डॅनिश आहे.’

‘असू दे. माझी वाक्यं मला पाठ आहेत.’

दोघांनी डबे मांडीवर घेतले आणि दिवा मालवून चित्रपट पाहिला. सबंध दीड तास. माणसं मोजकंच बोलत होती आणि जे बोलत होती ते समजत नव्हतं. तरी काही अडत नव्हतं. बाप खिडकीत पाय लांब करून बसायचा आणि मुलगा गवत कसं कापतोय ते बघायचा. मुलगा चुकायचा. बाप काच वाजवायला हात उचलायचा आणि खाली ठेवायचा. मुलाला शहरातून पत्र येतं, तो ते गोठ्यात जाऊन वाचतो आणि कोनाड्यात ठेवतो; दुसऱ्या दिवशी आई झाडताना ते उचलते, पुसते आणि तिथेच ठेवते. पत्रात काय होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. आईला बहुतेक अंदाज होता. पण तिला दूध काढायचं होतं, भांडी होती, नवऱ्याचं प्लास्टर भिजू न देता त्याला आंघोळ घालायची होती. कुणीच कुणाला जवळ घेत नव्हतं. टॉवेल देत होते, दार धरत होते, ताटातला मोठा बटाटा न बोलता दुसऱ्याच्या ताटात सरकवत होते.

मध्येच दिग्दर्शक परत आला. काही तरी म्हणायला तोंड उघडलं, मग मागच्या खुर्चीत बसला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला.

‘पहिला प्रेक्षक,’ रेकॉर्डिस्ट कुजबुजला.

‘झोपू द्या. घरी कुठे झोपायला मिळतंय त्याला!’

शेवट आला. मुलगा शहरात परत गेलाय. बापाचं प्लास्टर निघालंय आणि तो पहिल्यांदाच काठी टेकत गोठ्याकडे निघतो. आई त्याला धरत नाही. अर्धं पाऊल मागून चालते, हातात एक स्टूल घेऊन. तो थांबला की ती स्टूल खाली ठेवते. तो बसतो. दोघं समोर बघतात. तो उठतो, ती स्टूल उचलते. असं तीनदा. चार मिनिटांत एक शब्द नाही. गोठ्याच्या दाराशी पोचल्यावर म्हातारा आत जातो, आणि मग ती बाई तेच स्टूल टेकवून त्यावर स्वतः बसते. सबंध चित्रपटात ती कामाशिवाय बसलेली तेव्हाच दिसते. आणि तेव्हाच तिचा श्वास बाहेर पडतो. फार मोठा नाही.

मावशीच्या मांडीवरचा डबा तसाच होता. रेकॉर्डिस्टने दिवा लावला आणि उगाचच चष्मा पुसला. दिग्दर्शक जागा झाला होता. केव्हापासून, कोण जाणे.

‘म्हणजे शेवटी ती बसते,’ तो म्हणाला. ‘दोनदा पाहिला, पण हे दिसलंच नव्हतं. मी तिथे तुमची चार वाक्यं लिहिलीत.’

‘पाहिलीत मी.’

‘ती काढतो.’ मग कागद चाळत म्हणाला, ‘टॉवेलचं माझ्या हातात नाही. पहिल्या अर्ध्या भागाचे संवाद काल संध्याकाळीच वाहिनीकडे गेले. पास पण झाले.’

तो तरी काय करणार! मावशी उठली, माइकपुढे गेली आणि तो एक श्वास तिने अकरा वेळा दिला. दहावा बरा होता. अकरावा झाल्यावर कुणी ओके म्हणालं नाही. रेकॉर्डिस्टने यंत्र थांबवलं एवढंच.

संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्यात बोलायचं त्राणच नव्हतं. चप्पल काढली, पाणी प्यायली, स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली आणि बटाटे सोलायला घेतले. रोजचे प्रश्न जिभेवर आले होते, पण तिने ते बाहेर काढले नाहीत. दहा मिनिटांनी आतलं दार करकरलं. लेक येऊन दारात उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. आईकडे बघत राहिली.

‘घसा बसलाय का तुझा?’ तिने विचारलं.

तीन आठवड्यांत लेकीने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मावशीला हसूही आलं आणि लाजही वाटली. आपण गप्प बसलो तर पोरीला वाटतं आई आजारी आहे! तिने नुसती मान हलवली. हो की नाही ते हलवणारीलाही कळलं नाही.

‘सांगत होते, इतकं काम घेऊ नकोस,’ लेक पुटपुटली. तिने पातेलं घेतलं, पाणी तापवलं, मीठ टाकलं आणि पेला आईपुढे ठेवला. ‘गुळण्या कर. गरम आहे, सांभाळून.’

मावशीने धडधाकट गळ्याने इमानेइतबारे गुळण्या केल्या. परत आली तर लेक तिच्या खुर्चीत बसून उरलेले बटाटे सोलत होती. सालं जाड काढत होती, अर्धा बटाटा वाया. मावशी बोलली नाही.

खोटा घसा तिने चार दिवस चालवला.

महिन्याभराने, एका रविवारी दुपारी, तो चित्रपट लागला. मावशी आपलं काम टीव्हीवर कधी बघत नसे, पण त्या दिवशी तिने लावला. लेक बाहेरच्या खोलीत जमिनीवर पाय पसरून बसली होती. एव्हाना ती दिवसातून दोन-तीन तास बाहेर बसू लागली होती. बोलणं अजून मीठ-पाण्याइतपतच होतं. सुरुवातीला तिचं लक्ष नव्हतं. मग तिने पाय जवळ घेतले. मग उशी घेतली.

टॉवेलचा प्रसंग आला. ‘बाळा, मनातलं बोलून टाक. आई आहे ना मी तुझी!’ मावशीचाच आवाज, छान गहिवरलेला.

‘हे तिचं वाक्य वाटत नाही,’ लेक म्हणाली.

‘नाहीच आहे.’

‘मग?’

‘भरीचं आहे. तिथे ती गप्प असते.’

लेकीने तिच्याकडे वळून पाहिलं. ‘मग तू का म्हटलंस?’

काय सांगावं? पोटासाठी म्हटलं, सवयीने म्हटलं. ‘मला वाटायचं, असं म्हटलं की बरं वाटतं माणसाला,’ मावशी म्हणाली.

जाहिराती आल्या, गेल्या. मुलगा बॅग घेऊन निघाला, गाडी वळणावर दिसेनाशी झाली, आणि धाडकन पडद्यावर नावं धावायला लागली. पुढचा कार्यक्रम वेळेवर सुरू व्हायचा होता म्हणून वाहिनीने शेवटची चार मिनिटं छाटून टाकली होती.

मावशी सोफ्यावर तशीच बसून राहिली. अकरा टेक. त्यासाठी दोन दिवस गुडघे शेकले होते. तिला राग यायला हवा होता, पण रागालाही जोर लागतो. तो तिच्याकडे नव्हता. तिने रिमोट उचलला.

‘संपला?’ लेक म्हणाली. ‘असा कसा संपला? त्या म्हाताऱ्याच्या पायाचं काय झालं?’

‘संपला नाही. कापलाय.’

‘काय होतं पुढे?’

मावशीने टीव्हीचा आवाज बंद केला. आयुष्यभर ती लोकांनी लिहिलेलं म्हणत आली होती. स्वतःच्या शब्दांत काही सांगायचं म्हटल्यावर ती क्षणभर अडखळली. मग सांगू लागली. म्हातारा काठी घेऊन निघतो, आणि ती मागून स्टूल घेऊन. धरत का नाही? लेकीने विचारलं. धरत नाही, त्याला आवडलं नसतं. तो थांबला की ठेवते. तो बसतो. समोर गवत असतं, मुलाने कापलेलं, जरा वेडंवाकडं. म्हातारा ते बघतो. काही म्हणत नाही. मग उठतो. असं तीनदा.

‘तीनदा?’

‘तीनदा. चौथ्यांदा तो गोठ्यात शिरतो. आणि मग ती ते स्टूल दाराशी टेकवते आणि स्वतः बसते.’

आणि मावशीचा श्वास आपोआप सुटला. माइक नव्हता, हेडफोन नव्हते. बाराव्यांदा, आणि या वेळी ती कुणासाठी देत नव्हती.

लेक उशीवर हनुवटी टेकून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘आमच्याकडे कुणी वाईट नव्हतं गं आई. सगळे सारखे बोलायचे. सकाळपासून. मला झोपच यायची नाही.’

मावशीच्या तोंडावर दहा प्रश्न आले. सारखे म्हणजे काय? कोण, सासू? आणि तो? एवढ्यासाठी कुणी घर सोडतं का? ती म्हणाली, ‘हं.’

लेकीने उठून खिडकीचा पडदा ओढला, ऊन थेट आईच्या तोंडावर येत होतं म्हणून.

‘उद्या काम आहे तुला?’

‘आहे. कार्टून. म्हाताऱ्या हत्तिणीचा आवाज आहे.’

‘काय बोलते ती?’

‘बोलत नाही. नुसती ओरडते. दिवसभर.’

लेक हसली. पूर्ण नाही, नाकातून थोडंसं. ‘मग आता पड जरा,’ ती म्हणाली. ‘चहाला उठवते.’

मावशी सोफ्यावरच आडवी झाली. चहाला कुणी उठवलंच नाही. जाग आली तेव्हा ऊन कलून गेलं होतं आणि खाली जमिनीवर, टीव्हीपुढे, उशी कवटाळून लेक गाढ झोपली होती. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. मावशी न हलता पडून राहिली. उठायची तिलाही काही घाई नव्हती.